चोरीची फांदी

आईनं ती फांदी केमी गावच्या दंतवैद्याकडून चोरली.
दाढ उपटून आली होती, गाल टम्म,
आणि उजव्या हातमोज्यात तीन हिरवी पेरं.
विकतचं रोप रुसतं, म्हणाली तोंडातल्या कापसातून,
मागून आणलेलं जेमतेम जगतं,
चोरलेलं मात्र घर धरतं.

निवडुंग म्हणे. काटा औषधालाही नाही.
दात नसलेलं कुत्रं पाळलंयस, बाबा म्हणाले,
आणि खिडकीतला आपला रेडिओ उचलून
त्याला जागा करून दिली.

आमच्याकडे नोव्हेंबरला मरणमास म्हणतात.
दुपारी अडीचला दिवस पाठ फिरवतो.
मी बर्फ लोटायची गाडी घेऊन रस्त्यावर,
बाबा लगद्याच्या गिरणीत रात्रपाळीला,
आणि नेमका तेव्हा हा
पेरापेराच्या टोकाशी गुलाबी ठिणगी धरायचा.
एका फुलाच्या तोंडातून दुसरं फूल निघालेलं,
घाईत, पाकळ्या मागे फेकून,
वाऱ्यात पळणाऱ्या पोरीच्या केसांसारख्या.

कळ्या आल्या की कुंडीला हात लावायचा नाही.
पडदे धुवायचेत? नाही.
नाताळ येतोय? येऊ दे.
माझ्या बहिणीनं, आउनेनं, एकदा ती जराशी वळवली.
नऊ कळ्या गळल्या. आईनं मोजल्या होत्या.
आउने पन्नाशीची झाली, अजून ऐकून घेते.

मग बाबांच्या डोक्यातल्या वाटा पुसल्या गेल्या.
जन्मभर रात्रपाळी केलेला माणूस
काळोखाला भिऊ लागला.
दिवा मालवला की उठून बसायचे,
विचारायचे, भोंगा झाला का?
म्हणून दिवा रात्रभर.
दोन हिवाळे तो दिवा जळत राहिला
आणि निवडुंग नुसता हिरवा.

आईनं कॉफीचा चोथा घातला.
अंड्याच्या टरफलांचं पाणी घातलं.
शेवटी शिव्या घातल्या.
मी रोपवाटिकेतल्या हेल्लेवीला विचारलं. ती म्हणाली,
याला रात्र लागते. सलग, कुठेही न उसवलेली.
मध्येच कुणी दिवा लावला
तर तो पुन्हा पहिल्यापासून मोजायला बसतो.

घरी येऊन सांगितलं.
आईनं कुंडीकडे पाहिलं, मग खाटेकडे.
कोठीत नेऊन ठेवू का? मी म्हटलं.
ती म्हणाली, या वयात कुणाचीच खिडकी बदलू नये.
थांबेल तो.

बाबा सप्टेंबरात गेले,
जंगलात लाल बेरी पिकली होती तेव्हा.
त्या रात्री आईनं दिवा मालवला.
दुसऱ्या रात्रीही लावला नाही.
मग लावायचं कारणच उरलं नाही.

आणि मरणमासात
मी बूट झटकून आत आलो तर
खिडकीभर.
टोकाटोकाला, खाली लोंबणाऱ्या म्हाताऱ्या फांद्यांनासुद्धा,
दोन वर्षांचं तुंबलेलं सगळं एकदम.
आई त्याच्याकडे पाठ करून बसली होती.
निर्लज्ज, म्हणाली.
जरा धीर धरवला नाही मेल्याला.

मी कोटाची बटणं काढत राहिलो.
रेडिओवर समुद्राचं हवामान सांगत होते,
वारा ईशान्येचा, काठाशी बर्फ धरतोय.
तिनं तो बंद केला नाही, मोठाही केला नाही.

मार्चमध्ये, उन्हं परत जमिनीवर आली तेव्हा,
मी विचारलं, एक फांदी देशील?
देणार नाही, म्हणाली.
चष्मा काढून पुसला, परत घातला,
खुर्चीच्या हाताला धरून उठली.
मी आत कॉफी टाकते. मला वेळ लागेल.

आणि स्वयंपाकघरात ती
भांड्यांवर भांडी आपटत राहिली
मी हातमोजा काढेपर्यंत,
तिसरं पेर पिळून सुटताना
कट् असा बारीक आवाज होऊन जाईपर्यंत,
आणि नंतरही
थोडा वेळ.